दहा इंची टायर, प्रयत्न तिसरा: बसला एकदाचा!

मंडळी, माझ्या छोट्या इलेक्ट्रिक स्कूटरचा पुढचा टायर बसला! रात्रभर हवा टिकली, सकाळी अंगठ्याने दाबून पाहिलं तर कालच्याइतकाच कडक. मागच्या वेळी 'आधी मापं घे, मग टायर मागव' असं ज्यांनी बजावलं होतं त्यांना साष्टांग नमस्कार. मापं मी घेतली होती हो, फक्त चुकीच्या जागी घेतली होती.

पुढच्या टायरची नक्षी गेली होती, बाजूला चिरा पडल्या होत्या, हे आधीच सांगून झालंय. खरी पंचाईत कडेवरच्या आकड्यांची होती. कुठेकुठे घासून ते पुसले गेले होते. खडू चोळून, टॉर्च तिरपा धरून वाचलं तेव्हा उरलं होतं '७०-६'. आधीचं पुसलेलं, नंतरचंही पुसलेलं. त्या पुसलेल्या भागाने मला दोन टायरांना बुडवलं.

पहिला टायर: '६' म्हणजे सहा इंची रिम, असा सरळ हिशेब केला. शिवाय रुंद टायरचा मोह. १०×३.० (बाहेरचा व्यास दहा इंच, रुंदी तीन इंच), म्हणजे ८०/६५-६ मागवला. पट्टीने रिमच्या बाहेरच्या ओठावर १८१ मिमी मोजले होते आणि 'ओठ असेल एवढा उंच' म्हणून मनातल्या मनात सहा इंचावर आणून ठेवले होते. टायर आला, साबणाचं पाणी लावलं, तीन लिव्हर घातले. एक वाकला. टायर जागचा हलला नाही. विक्रेत्याने वर्णनात 'सर्व दहा इंची स्कूटरना बसतो' असं बिनदिक्कत लिहिलंय. असं वाक्य दिसलं की आता मी पान बंद करतो.

मग डोकं थंड करून रिम नीट मोजायला बसलो. टायर बसतो तो ओठावर नाही, ओठाच्या आतल्या बाजूला जी बैठक असते तिच्यावर. तिचा व्यास हवा. माझा व्हर्नियर उघडतो १५० मिमीपर्यंत, म्हणजे तो बाद. मग व्यास सोडला आणि परीघच मोजायचं ठरवलं. आधी दोरा गुंडाळला, आला ५२६ मिमी. दुसऱ्यांदा ५२२. सुती दोरा ताणला जातो, भरवसा नाही. शेवटी कागदाची अरुंद पट्टी बैठकीवर घट्ट गुंडाळली, टोकं जिथे एकावर एक आली तिथे टाचणीने आरपार भोक पाडलं, पट्टी सरळ करून दोन भोकांमधलं अंतर मोजलं. ५१९. पुन्हा ५१९. भागिले ३.१४, म्हणजे १६५ मिमी. साडेसहा इंच!

ही पट्टी ज्याला हवी त्याने उचलावी. सहा आणि साडेसहा इंची रिमच्या व्यासात फरक जेमतेम १३ मिमी, पण परिघात तो ४० मिमी होतो. ४७९ की ५१९, यात चूक करायला फार कौशल्य लागेल.

म्हणजे कडेवर '७०-६.५' होतं आणि पॉइंट पाच पुसला गेला होता. आनंदात लगेच दुसरा टायर मागवला, ७०/६५-६.५. का? कारण '७०' म्हणजे रुंदी असंच गृहीत धरलं. बसला तर झकास. चाक लावलं, हाताने फिरवलं, एक चक्करही मारली. परत आलो तर टायरच्या मध्यावर चहूबाजूंनी एक चकचकीत, बारीक चर. मडगार्डच्या स्क्रूचं टोक खाली डोकावतं, त्याने लेथवर धरल्यासारखा रबर कोरला होता. शिवाय फोर्कच्या डाव्या पायाशी जागा उरली होती एका पोस्टकार्डाची.

आता कागदावर मांडलं, जे सगळ्यात आधी करायला हवं होतं. पहिला आकडा रुंदी, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के उंची, तिसरा रिम. ७०/६५-६.५ ची उंची ४५.५ मिमी, दोन्हीकडची धरून ९१, अधिक १६५, बाहेरचा व्यास २५६. ८०/६५-६ सुद्धा २५६ च! रिम वेगळी, बाहेरून अगदी जुळे. आणि ६०/७०-६.५? उंची ४२, म्हणजे ८४ अधिक १६५, २४९. तिघांनाही बाजारात 'दहा इंची' म्हणतात. माझं '७०' टक्के होतं, रुंदी नव्हे. रुंदीचा ६० आधीच पुसला गेला होता. वर ३.५ मिमी आणि दोन्ही बाजूंना ५-५ मिमी, एवढ्यावर सगळं अडलं होतं.

(५४-१५२ असं लिहिलेले टायर दिसले तर तिथे १५२ ही रिमची बैठक आहे, मिमीमध्ये. ही पद्धत मला जास्त प्रामाणिक वाटते. '१०×२.५' एवढ्यावरून रिम कळतच नाही.)

६०/७०-६.५ आला. तासभर उन्हात ठेवला, बाण फिरण्याच्या दिशेने आहे ना ते दोनदा पाहिलं, हाताने चढवला. ट्यूबलेसची खरी परीक्षा पुढे. पायपंपाने कितीही मारा, हवा कडेने फुस्स. मग सामान बांधायचा रॅचेट पट्टा टायरच्या मधोमध गुंडाळून आवळला, म्हणजे दोन्ही कडा बाहेर फाकतात, आणि व्हॉल्वची सुई काढून टाकली. हवा धरायला लागली तसा पट्टा सैल केला. टण्! मग चार सेकंद शांतता. मग दुसरी कड, टण्! घरातले धावत आले, मी एकटाच हसत होतो.

कुणी तरी भरीव टायर सुचवणारच, म्हणून आधीच सांगतो: नको. पंक्चर होत नाही खरं, पण हादरे थेट मनगटात आणि बेअरिंगमध्ये जातात, ओल्या रस्त्यावर पकडही कमी.

खरं तर पुढचा बेत मागेही ६०/७० च घालायचा होता. पण हे लिहिता लिहिता सुचलं, तो चर पडलेला ७०/६५ नुसता पडून आहे, चरही वरवरचा आहे, मग तोच मागे का घालू नये? हब मोटर (चाकातच बसवलेली मोटर) मागे, वेग तिथूनच मोजला जातो, म्हणजे व्यास वाढला की मीटर जवळपास ३ टक्के कमी दाखवेल. मीटरवर २५ असताना खरा वेग पावणेसव्वीसच्या घरात. पी मेनूत (मीटरच्या सेटिंगमध्ये) चाकाचं माप बदलता येतं का ते बघायचंय. चढावर जोर किंचित कमी पडेल, ते चालेल.

फटीचं मात्र या वेळी अंदाजाने नाही. मागच्या मडगार्डच्या आत तीन ठिकाणी आणि स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) दोन्ही बाजूंना ओल्या मातीच्या गोळ्या चिकटवून आत्ताच चाक फिरवलंय. टायरने त्या दाबून जेवढ्या उरल्या तेवढी फट. वर ९ मिमी, उजवीकडे ११, डावीकडे ब्रेकच्या क्लॅम्पजवळ ६. वर वाढ ३.५, बाजूला ५. डावीकडे १ मिमी उरतो आणि मला किमान ४ हवेत. क्लॅम्पखाली वॉशर सरकवून जागा होते का ते उद्या बघतो, नाहीतर तो टायर ज्याच्या स्कूटरला बसेल त्याने न्यावा.