घामाचा थेंब आणि सुटा चेंडू

नवा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र, आला की त्याच्या जाहिरातीत एखादा स्पोर्ट्स गेम हमखास असतो, आणि तो बघून कुणी ना कुणी म्हणतंच, "अरे, ही खरी मॅच चाललीय की गेम?" प्लेस्टेशन २ च्या वेळी हे ऐकलं, ३ च्या वेळी ऐकलं, ५ आला तेव्हाही ऐकलं. आज त्या जुन्या मॅचेस पाहिल्या की हसू आवरत नाही. खोक्यासारखे चेहरे, एकमेकांना चिकटलेली बोटं, आणि प्रेक्षक म्हणजे पुठ्ठ्यावर छापलेली रांग. तरीही तेव्हा आपण फसलो होतो, असं मला वाटत नाही. प्रत्येक पिढीने खेळाची एखादी बाजू खरी करून दाखवली. उरलेलं आपण मनानेच भरून घेतलं.

सुरुवातीला भांडण होतं ते डोक्यांच्या संख्येवरून. अमेरिकन फुटबॉलच्या 'टेक्मो बोल'मध्ये एका बाजूला नऊच खेळाडू होते आणि प्रत्येक संघाला चारच डावपेच. मशीनला त्याहून जास्त झेपायचं नाही. याच खेळाचे माजी प्रशिक्षक जॉन मॅडन यांच्या नावाने दुसरा एक गेम निघायचा होता. ते मात्र अडून बसले: माझं नाव लावायचं तर अकराविरुद्ध अकराच हवेत. त्या हट्टापायी त्यांचा गेम काही वर्षं रखडला आणि १९८८ मध्ये बाहेर आला. खरेपणासाठी धंद्याला थांबायला लावणारा माणूस प्रोग्रामर नव्हता, मैदानावरचा होता, हे मला फार आवडतं.

आपल्या ओळखीच्या फुटबॉलमध्ये १९९३ चा पहिला 'फिफा' आला तो तिरक्या कोनातून दिसणारं मैदान घेऊन. गर्दीचा आवाज झकास, खेळाडूंची नावं मात्र काल्पनिक. फाउल केला की रेफरी कार्ड दाखवायला यायचा, आणि तुम्ही चक्क पळून जाऊ शकायचात! तो बिचारा मागे मागे. समोरचा गोलकीपर चेंडू मारायच्या बेतात असला की त्याच्या पुढ्यात जाऊन उभं राहायचं. चेंडू तुमच्या अंगावर आपटून सरळ गोलमध्ये. खऱ्या खेळाशी याचा काडीचाही संबंध नाही, पण मजा अशी की बोलता सोय नाही.

माझ्या लेखी खरी मेख आहे ती चेंडूत. बहुतेक जुन्या गेममध्ये चेंडू पायाला डिंकाने चिकटवल्यासारखा असायचा. खेळाडू वळला की चेंडूही वळला. १९८९ च्या 'किक ऑफ'ने तो सोडवला, पण इतका सुटा की नवख्याच्या नाकी नऊ यायचे. प्लेस्टेशन २ वरच्या 'प्रो इव्होल्यूशन सॉकर'ने यातला मध्य साधला. पाठ गोलकडे असताना जोरात आलेला पास घेतला तर चेंडू हातभर उसळून पुढे जाणार. तेवढ्यात बचावपटू पाय घालणार. कमजोर पायाने मारलं तर फटका भरकटणार. थकलेल्या खेळाडूचा पहिला स्पर्श जड पडणार. क्लबांची नावं वापरायचं लायसन्स नसल्यामुळे लिव्हरपूलच्या जागी 'मर्सीसाइड रेड' असं काहीतरी नाव असायचं, चेहरेही यथातथाच. पण गोल झाला की तो आपण रचून केलाय असं वाटायचं. खोट्या नावाचा संघ आणि खरा चेंडू. मला विचाराल तर या व्यवहारात फायदाच होता.

पुढची पिढी घामाची. २००६ चा 'फाइट नाइट राउंड ३' हा बॉक्सिंगचा गेम आठवा. स्लो मोशनमध्ये गालावर ठोसा बसतो, गाल थरथरतो, घामाचे थेंब उडतात. लोक तेवढंच बघत राहिले. त्यातली खरी करामत वेगळीच होती: कुणाचा दम किती उरलाय हे सांगणारी पट्टीच स्क्रीनवरून काढून टाकली होती. समोरच्याचा डोळा किती सुजलाय, हात किती खाली आलेत, हे बघूनच अंदाज बांधायचा. इथे ग्राफिक्स नुसते शोभेचे राहिले नाहीत, खेळण्याच्या कामी आले. आणि त्याच वर्षी निन्टेंडोच्या 'वी' कन्सोलवरच्या 'वी स्पोर्ट्स'मधला बॉक्सिंगही आला. त्यातल्या बाहुल्यांना दंडच नाहीत, नुसत्या मुठी हवेत तरंगतात. पण ठोसे स्वतःचे हात हलवून मारायचे. एकीकडे घाम पडद्यावर, दुसरीकडे खेळणाऱ्याच्या बनियनवर. यातला जास्त खरा कोणता, ते ज्याने त्याने ठरवावं.

अलीकडची प्रगती अफाट आहे, नाही म्हणत नाही. 'फिफा २२'साठी बावीस फुटबॉलपटूंना सेन्सर लावलेले सूट घालून पूर्ण सामना खेळायला लावलं आणि त्या हालचाली प्लेस्टेशन ५ च्या पिढीसाठी वापरल्या. पण शरीर खरं झालं की त्याला वजन येतं. खरा माणूस धावता धावता जागच्या जागी उलटा वळू शकत नाही. आधी पाऊल टेकतो, मग कंबर वळते. मग गेममधलाही तसाच वळणार. तुम्ही बटण दाबून बसलाय आणि हा गडी अजून पाऊलच पुरं करतोय! जुना खोक्यासारखा खेळाडू निदान ताबडतोब ऐकायचा.

शिवाय, आपण ज्याला हुबेहूब म्हणतो ते खेळाशी नव्हे, टीव्हीशी हुबेहूब असतं. उंचावरून बाजूने बघणारा कॅमेरा, कोपऱ्यातला स्कोअर, रिप्ले, दोन समालोचक. मैदानात उतरलेल्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही. त्याला दिसतात समोरचे दोन खांदे आणि त्यामागे कुठेतरी अर्धवट गोल. त्या नजरेने खेळायची सोय काही गेममध्ये असते. कुणी ती फार वेळ चालू ठेवल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

आणि वेळेचं काय? नव्वद मिनिटांचा सामना नव्वद मिनिटं खेळणारा भेटला तर सांगा. सगळे हाफ पाच-सहा मिनिटांचा करून मोकळे होतात. सेटिंगमध्ये आत शिरलं की हँडबॉलचा, म्हणजे चेंडू हाताला लागला तर फाउल धरायचा, पर्यायही सापडतो. हवा तर चालू करा, नको तर बंद. केसन् केस खरा हवा असणारे आम्ही सगळे तो मात्र बंदच ठेवतो.