वाई ते मेणवली, चालत

आज आईला आणि पोरांना घेऊन वाईहून मेणवलीला चालत गेलो. जेमतेम तीनेक किलोमीटर, चढ असा नाहीच, त्यामुळे आईच्या गुडघ्यांनीही कुरकुर केली नाही. वाटेत ऊस आणि हळदीची शेतं. हळद पाकिटातच होते अशी धाकटीची समजूत. एका मावशींनी पान चुरगळून तिच्या नाकाशी धरलं तेव्हा कुठे पटलं. (गाड्या येतात बरं का, पोरांना कडेनेच चालवा.)

मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा, मागे कृष्णेचा घाट. पण पोरं अडकली ती मेणेश्वराजवळच्या घंटेपाशी. पोर्तुगीज घंटा, साल १७०७, वर मेरी आणि बाळ येशू! १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर अशा घंटा इकडच्या देवळांत आल्या.

"म्हणजे चोरली ना आपण?" थोरला.

"जिंकली रे," आई.

घाटाच्या पायऱ्यांवर दशम्या संपल्या, वाद काही संपला नाही. मी आपला दोघांच्या मध्ये चटणी वाढत बसलो.

धोमचा कासवाच्या पाठीवरचा नंदी राहिला. तिकडे मात्र लहान मुलं असतील तर गाडीनेच जा.