भुताला काय हवंय?

आमच्या नाशिकच्या गंगापूर रोडच्या वाचनगटात पुस्तकावर पहिलं मत देण्याचा मान बँकेतून निवृत्त झालेल्या काकांचा. या खेपेला त्यांनी दोनच शब्द खर्च केले. "भूत कुठाय?"

पुस्तक होतं अमेरिकन लेखिका शर्ली जॅक्सनचं, 'द हाँटिंग ऑफ हिल हाउस'. १९५९ सालची कादंबरी. काकांचा आक्षेप अगदीच टाकाऊ नव्हता. त्या घराची दारं आपोआप लागतात, रात्री दारांवर धडका बसतात, भिंतीवर खडूनं अक्षरं उमटतात, पण नजरेला कुणी पडत नाही. आपल्याकडच्या भुतांचं कसं, सगळं चोख असतं. प्रत्येकाला ठरलेला पत्ता आणि ठरलेली तक्रार. मुंजा पिंपळावर, कारण मुंज झाली आणि लग्नाआधीच गेला. समंधाचा जीव पुरलेल्या धनात. हडळीचंही काहीतरी राहिलेलं असतंच. अशा मंडळींच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या वाचकाला हिल हाउसमधलं ते बिनचेहऱ्याचं प्रकरण फसवणुकीचं वाटलं तर नवल नाही.

कॉलेजात जाणाऱ्या मुलीची तक्रार उलटीच होती. तिनं त्याच नावाची २०१८ची मालिका आधी पाहिलेली. मालिकेत क्रेन नावाचं कुटुंब आहे, पाच भावंडं आहेत, आईचा मृत्यू आहे आणि त्यानं प्रत्येकाचं काय केलं हे दहा भागांत नीट उलगडून दाखवलंय. पुस्तकात ते कुटुंबच नाही! क्रेन हे घर बांधणाऱ्याचं आडनाव, आणि घरात राहायला येतात ती चार परकी माणसं, एका डॉक्टरांच्या भुताटकीच्या अभ्यासासाठी. "मला रडायचं होतं हो," ती म्हणाली, "आणि रडायला कुणी भेटेचना."

मला वाटतं, पुस्तकात रडायला एकच जागा आहे आणि ती भरभर वाचणाऱ्याच्या हातून निसटते. त्या चौघांतली एलिनॉर ही बत्तीस वर्षांची बाई. अकरा वर्षं आजारी आईची सेवा केलेली. आई गेली त्या रात्री तिनं औषधासाठी भिंत ठोठावली होती आणि एलिनॉर उठली नाही. पुढे ती स्वतःच म्हणते, कदाचित मला जाग आलीही असेल, आणि ऐकून मी पुन्हा झोपले असेन. एवढंच. लेखिका तिथे रेंगाळत नाही. मात्र हिल हाउसमध्ये पहिल्यांदा रात्री ठोठावणं सुरू होतं तेव्हा ही बाई अर्धवट झोपेत दिवा चाचपडते आणि "आले आई, आले" म्हणते.

गटातल्या पंचवटीच्या मावशींनी पुस्तक वाचलंच नव्हतं. इंग्रजी त्यांना जमत नाही, म्हणून सुनेनं रोज थोडी थोडी गोष्ट सांगितली होती. त्या म्हणाल्या, "आमच्या सासूबाई पलंगाच्या दांडीवर चमचा आपटायच्या. जाऊन किती वर्षं झाली, पण स्वयंपाकघरात भांडं पडलं की माझ्या तोंडून 'आले' निघतंच." भीती वाटते का, असं त्या मुलीनं विचारलं. "भीती कसली? आधी रागच येतो. मग वाईट वाटतं."

यावर काकासुद्धा काही बोलले नाहीत. ज्यांनी घरात कुणाचं अंथरुणावरचं दुखणं काढलंय आणि ज्यांनी काढलेलं नाही, असे आमच्या गटाचे दोन भाग त्या दिवशी सरळ दिसले. दुसऱ्या भागाला पुस्तक संथ वाटलं होतं.

खरं तर मेलेल्या माणसाची घरात चाहूल घेणं आपल्याला नवीन नाही. माणूस गेला त्या जागी दिवा ठेवायचा, ताटात पीठ पसरायचं, वर टोपली झाकायची आणि मग त्या पिठात कसला ठसा उमटला ते बघायचं, अशी चाल किती घरांत आहे. पक्ष्याचं पाऊल दिसतंय की आणखी काही, यावर घरभर चर्चा होते, चहा घेत होते. त्या दहा-तेरा दिवसांत घर रीतसर झपाटलेलंच असतं की. पण कुणी घाबरत नाही. उलट ठसा नीट उमटला नाही तर हिरमुसतात.

आणि दहाव्याला गंगेवर. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. रामकुंडाच्या परिसरात पिंड मांडून लोक कावळ्याची वाट बघत उभे राहतात. कावळा शिवला नाही की मागे काहीतरी राहिलं. मग एकेक जण पुढे होऊन मोठ्यानं सांगू लागतो: धाकटीचं लग्न आम्ही करू, दुकान विकणार नाही, आईला अंतर देणार नाही. भर उन्हात, चार लोकांदेखत, गेलेल्याशी वाटाघाटी चालतात. ज्या दोन भावांनी एरवी एकमेकांचं तोंड पाहिलं नसतं तेही तिथे कबूल होतात. एवढं करूनही कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवतात. ही सोय ज्यानं काढली तो माणूस मला फार आवडतो.

यामुळेच असेल, मिसेस माँटेग्यूबद्दल माझं मत गटाहून वेगळं पडलं. अभ्यास करणाऱ्या त्या डॉक्टरांची ही बायको कादंबरीत उशिरा येते, सोबत प्लँचेट घेऊन येते आणि सगळ्यांवर डाफरते. चांगली रंगलेली भीती तिनं घालवली, यावर बहुतेकांचं एकमत होतं. पण बघा, अख्ख्या पुस्तकात भुताला तुला काय हवंय, असं सरळ विचारणारी हीच. बाकीचे नोंदी घेतात, थंडी मोजतात, थट्टा करतात. हिनं मात्र गुरुजींच्या थाटात विचारलं आणि उत्तरही आलं: घर. हवंय ते घर. उत्तर देणारीचं नाव विचारलं तर एलिनॉरचंच आलं. ती तर जिवंत, त्याच घरात बसलेली. आणि कुणीही पुढे होऊन म्हणत नाही की बाई, आम्ही देऊ तुला घर.

काकांना हे पटलं नाही. घर म्हणजे काय ते सोमवार पेठेत येऊन बघा, म्हणाले. तिकडे त्यांचा वडिलोपार्जित वाडा आहे. वारस चिक्कार, भाडेकरू जुने, दावा कोर्टात आणि पावसाळ्याआधी महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस. जुन्या नाशकात वाडा झपाटलेला नसतो, त्याच्यावर स्थगिती असते.

वाटणीचा विषय निघाल्यावर मावशींना एलिनॉरची बहीण आठवली. गाडी दोघींची, निम्मे पैसे एलिनॉरचे, तरी बहीण आणि मेहुणा ती न्यायला नाही म्हणतात. एलिनॉर गाडी गुपचूप घेऊनच हिल हाउसला येते. आईच्या सेवेची अकरा वर्षं कुणाच्या हिशेबात नाहीत आणि गाडी मात्र आहे, याचा मावशींना मनापासून संताप आला होता. मला तर पुस्तकातली सगळ्यात भीतीदायक दोन पानं तीच वाटतात. शेवट मी सांगणार नाही. मावशींच्या बोलण्यातून तो कुणाला कळलाच तर माझा इलाज नाही. त्या म्हणाल्या, "बहिणीनं नंतर आधी गाडीचंच विचारलं असेल, बघा."