विंडोज ११ ने नाकारलेला लॅपटॉप: आधी डिस्क, मग लिनक्स मिंट

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार संपला. ज्यांनी जादा सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवलं, त्यांना घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत मिळाली. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त सही असलेली सिस्टिम चालू देणारी सोय) लागतं, पण बहुतेक घरांतले लॅपटॉप त्यावर नाही, प्रोसेसरच्या यादीवर अडतात. इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची, असा साधारण नियम आहे. कोअर आय३-७०२०यू हा प्रोसेसर २०१८ मध्ये बाजारात आला, पण तो सातव्या पिढीचा असल्यामुळे यादीबाहेर राहिला. त्यात टीपीएम असलं तरी उपयोग होत नाही.

रुफस हे इन्स्टॉलसाठी पेन ड्राइव्ह बनवणारं मोफत सॉफ्टवेअर वापरून ही तपासणी चुकवता येते. पण अशा मशिनला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि पुढची मोठी आवृत्ती आली की पेन ड्राइव्हचा तोच खटाटोप पुन्हा करावा लागतो. बँकेचे व्यवहार जिथे होतात, तिथे हा मार्ग घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टिम टाका. तिची २२ मालिका एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट घेत राहणार आहे, आणि २०१५-१६ च्या लॅपटॉपवर ती व्यवस्थित चालते. अट एकच, हार्ड डिस्क बदलून एसएसडी (फिरता भाग नसलेली, चिपची डिस्क) लावलेली हवी.

लॅपटॉप हळू चालतो तेव्हा दोष बहुतेकदा प्रोसेसरचा नसतो. मिनिटाला ५४०० फेऱ्यांच्या हार्ड डिस्कला एक फेरी पूर्ण करायला ११ मिलिसेकंद लागतात. विखुरलेल्या छोट्या फाइली वाचताना डिस्कचं वाचणारं डोकं दर वेळी जागेवर नेणं आणि तबकडी फिरून येण्याची वाट पाहणं, यातच वेळ जातो. सेकंदाला अशी शंभर वाचनंही होत नाहीत. साध्या साटा एसएसडीवर (हार्ड डिस्कच्याच जोडणीवर चालणाऱ्या) ती हजारोंच्या घरात होतात. जुन्या डिस्कवर मिंट टाकून ‘लिनक्सही हळूच’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. त्यांनी खर्च चुकीच्या क्रमाने टाळलेला असतो.

एसएसडी घेण्याआधी मागचं झाकण उघडून किंवा मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल पाहून जागा ओळखा. २.५ इंची साटा एसएसडी ७ मिमी जाडीची असते. जुनी डिस्क ९.५ मिमीची असेल, तर एसएसडीसोबत मिळणारी अडीच मिमीची चौकट लावावी लागते, नाहीतर ती खोबणीत हलत राहते. एम डॉट टू खाच (पट्टीच्या आकाराच्या एसएसडीची जागा) असेल तर ती साटाची आहे की एनव्हीएमईची (त्याहून वेगवान जोडणीची) हे खात्रीने पाहा. दोन्ही पट्ट्या दिसायला सारख्या असतात. एनव्हीएमई पट्टीच्या जोडणाऱ्या कडेला एक चीर असते, साटाच्या पट्टीला बहुधा दोन. फक्त साटा समजणाऱ्या खाचेत एनव्हीएमई बसली तरी बायोसला (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला) दिसत नाही. २५६ जीबी पुरेशी आहे, १२८ मध्ये पुढे ओढाताण होते.

रॅमचंही तसंच. सहाव्या पिढीच्या लॅपटॉपमध्ये डीडीआर३एल आणि डीडीआर४ दोन्ही आढळतात, त्यामुळे प्रोसेसरचं नाव सांगून रॅम मागू नका. डीडीआर३एलच्या लॅपटॉप पट्टीला २०४ पिना आणि १.३५ व्होल्ट, तर डीडीआर४ ला २६० पिना आणि १.२ व्होल्ट. खाचांची जागा वेगळी असल्याने एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. विंडोजमध्ये सीपीयू-झेड हे माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर चालवलं की प्रकार कळतो, आणि टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर किती खाचा वापरात आहेत तेही दिसतं. ४ जीबीवर काम चालतं, पण ब्राउझरचे आठ-दहा टॅब उघडले की दम लागतो. ८ जीबी केलीत तर पुढची काही वर्षं बघायला नको.

उघडताना बॅटरी निघणारी असेल तर आधी ती काढा. आत बसवलेली असेल तर झाकण उघडल्यावर पहिल्यांदा तिचा कनेक्टर सोडवा. बहुतेक ठिकाणी पीएच० मापाचा स्क्रूड्रायव्हर चालतो. स्क्रू लांबीने वेगवेगळे असतात. कागदावर लॅपटॉपचा आराखडा काढून जिथला स्क्रू तिथे टोचून ठेवा, कारण लांब स्क्रू आखूड जागी पिळला की वरच्या बाजूला कीबोर्डचं प्लास्टिक फुगतं. टचपॅड वर उचललेला दिसला तर बॅटरी फुगली आहे. तिला टोचू किंवा दाबू नका, बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ती बदला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुनी डिस्क पुसू नका. ती काढून ठेवा आणि मिंट नव्या एसएसडीवर टाका. काही चुकलं तर जुनी डिस्क परत जोडली की लॅपटॉप होता तसा सुरू होतो. याला आणखी एक तांत्रिक कारण आहे. दोन डिस्क जोडलेल्या असताना मिंटचा इन्स्टॉलर बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) कधी कधी तुम्ही निवडलेल्या डिस्कवर न टाकता, पहिल्या सापडलेल्या ईएफआय विभाजनात (डिस्कवरच्या सुरुवातीच्या फाइलींच्या भागात) टाकतो. मग जुनी डिस्क काढली की नवी सुरूच होत नाही. इन्स्टॉल करताना एकच डिस्क जोडलेली असली की हा प्रश्न उरत नाही.

डिस्क काढण्याआधी विंडोजमध्ये तीन गोष्टी करा. सेटिंगमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का पाहा. असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, किंवा एन्क्रिप्शन बंद करून ते पूर्ण उलगडेपर्यंत थांबा. पॉवरच्या पर्यायांतून फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना विंडोज खऱ्या अर्थाने बंद होत नाही, अर्धवट झोपेत जातं, आणि मग लिनक्स ती डिस्क फक्त वाचू देतं, लिहू देत नाही. आणि ब्राउझरमधले पासवर्ड, बुकमार्क बाहेर काढा. डेस्कटॉपवरच्या फाइली लोक आठवणीने घेतात, पासवर्ड विसरतात.

मिंटच्या तीन आवृत्त्यांपैकी ४ जीबीला एक्सएफसीई, ८ जीबीला सिनॅमन घ्या. मिंटची आयएसओ फाइल (इन्स्टॉलसाठीची एकच मोठी फाइल) तीन जीबीच्या आसपास असते, म्हणून ८ जीबीचा पेन ड्राइव्ह हाताशी ठेवा. उतरवलेल्या फाइलचा एसएचए-२५६ आकडा (फाइल जशीच्या तशी आली का हे सांगणारा) मिंटच्या पानावरच्या आकड्याशी जुळवा. सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक केल्यावर तो मेनूतच मिळतो. मोबाइल डेटावर तुटत तुटत उतरलेली फाइल अर्धवट असण्याची शक्यता बरीच असते, आणि तिचा परिणाम इन्स्टॉल ८० टक्क्यांवर थांबल्यावर दिसतो. आकडा जुळला की जुनी डिस्क काढण्याआधीच रुफसने ती फाइल पेन ड्राइव्हवर लिहून ठेवा.

लॅपटॉप चालू करताना बूट मेनू (कशावरून सुरू करायचं ते विचारणारी यादी) डेल आणि लेनोव्होमध्ये बहुधा एफ१२ ने, एचपीमध्ये एस्केप आणि मग एफ९ ने, असूसमध्ये एस्केपने उघडतो. एसरमध्ये एफ१२ चा बूट मेनू आधी बायोसमध्ये चालू करावा लागतो. पेन ड्राइव्हच्या नावाआधी यूईएफआय (UEFI) असलेली नोंद निवडा. इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही, तर बायोसमध्ये साटा मोड आरएसटी किंवा रेड आहे, तो एएचसीआय करा. काही एसर मॉडेलांत हा पर्याय लपवलेला असतो, मेन पानावर कंट्रोल आणि एस दाबल्यावर तो दिसतो. मोड बदलल्यावर जुनं विंडोज निळा पडदा दाखवेल. जुनी डिस्क परत लावायची वेळ आली तर मोडही परत फिरवा. पडदा काळाच राहिला तर पेन ड्राइव्हच्या पहिल्या मेनूतून कंपॅटिबिलिटी मोड निवडा. वेगळं ग्राफिक कार्ड असलेल्या लॅपटॉपांत हे होतं.

मिंट पेन ड्राइव्हवरून तसंच चालतं. इन्स्टॉलवर क्लिक करण्याआधी अर्धा तास ते वापरा. वायफाय, आवाज, माइक, कॅमेरा, प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या कळा, टचपॅडवर दोन बोटांनी सरकवणं आणि झाकण मिटून पुन्हा उघडणं, हे सगळं इथेच कळतं. वायफाय दिसलं नाही तर चिप बहुधा ब्रॉडकॉमची आहे. फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू करा, मग ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घ्या. काही एचपी लॅपटॉपांतली रिअलटेक ८७२३बीई चिप राउटरच्या शेजारी पूर्ण सिग्नल दाखवते आणि पुढच्या खोलीत गेलं की तुटते. तिथे ड्रायव्हर दुसराच अँटेना धरून बसलेला असतो. त्याच्या सेटिंगमध्ये अँटेनाचा क्रमांक बदलला की सुटतं.

इन्स्टॉल करताना मल्टिमीडिया कोडेकची (गाणी-व्हिडिओ चालवायला लागणाऱ्या फाइलींची) खूण करा आणि ‘डिस्क पुसून मिंट टाका’ हा पर्याय घ्या. एकच नवी डिस्क असल्याने इथे हात आखडायचं कारण नाही. विभाजनं हाताने करण्याची गरज नाही, स्वॅप फाइल (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) इन्स्टॉलर स्वतः बनवतो. सिक्युअर बूट चालू असेल आणि बाहेरचा ड्रायव्हर लागत असेल, तर एक नवा पासवर्ड ठरवायला सांगितलं जातं. पुढच्या बूटला निळा पडदा येतो, त्यात एनरोल एमओके निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. तो पडदा काही सेकंदच थांबतो. घाईत पुढे गेलात तर ड्रायव्हर टाकलेला दिसतो पण लागू होत नाही.

मिंट सुरू झाल्यावर पहिलं काम टाइमशिफ्टचं, म्हणजे सिस्टिमच्या प्रती ठेवणाऱ्या प्रोग्रॅमचं. आरसिंक पद्धत, रोजच्या दोन प्रती, बस. जास्त प्रती ठेवल्या तर लहान एसएसडी काही महिन्यांत भरते. टाइमशिफ्ट फक्त सिस्टिम मागे नेतं, तुमचे फोटो आणि कागदपत्रं त्यात नसतात. मग अपडेट मॅनेजर चालवा, आणि फायरवॉल बंद असते ती चालू करा.

मराठीसाठी कीबोर्डच्या मांडण्यांमध्ये इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक मराठी जोडता येतं. रोमन अक्षरांवरून टाइप करायची सवय असेल तर इनपुट मेथडमध्ये आयबस (इतर लिप्या टाइप करून देणारा प्रोग्रॅम) घेऊन मराठीच्या मांडण्या जोडा. इनस्क्रिप्टमध्ये ‘दर्‍या’तला अर्धा र शिफ्ट-जे आणि मग डी दाबून येतो, विंडोजवर होता तसाच. लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये भाषांच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करून भाषा मराठी निवडा. ती हिंदी राहिली तर ज्या फॉन्टमध्ये मराठी ल आणि श ची सोय आहे, त्यातही हिंदी वळणाची अक्षरं येतात.

खरी अडचण जुन्या कागदपत्रांची आहे. श्री-लिपी, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी सुरेख अशा फॉन्टमध्ये टाइप केलेले अर्ज, पत्रिका, संस्थेचे ठराव युनिकोडमध्ये नसतात. आत रोमन अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधून त्या टीटीएफ फाइली आधी काढून घ्या आणि मिंटमध्ये आपल्या होम फोल्डरमधल्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये टाका. फाइली वाचता आणि छापता येतील. पण त्या फॉन्टमध्ये टाइप करून देणारी विंडोजची सॉफ्टवेअरं इथे चालतील असं धरू नका. महत्त्वाचा मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये न्या, आणि जोडाक्षरं व रफार डोळ्यांनी तपासा. तिथे कन्व्हर्टर हमखास चुकतात.

काही कामांसाठी हा मार्ग घेऊच नये. टॅली विंडोजसाठीच बनते, तेव्हा रोज टॅलीवर हिशेब लिहिणाऱ्याचा लॅपटॉप मिंटवर नेऊ नका. डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल तर त्या टोकनचा लिनक्स ड्रायव्हर आहे का, आणि ज्या पोर्टलवर सही करता त्याची सही करणारी सुविधा लिनक्सवर चालते का, हे दोन्ही आधी तपासा. प्रिंटरमध्ये एचपी लेझरजेट १०२० चालतो, पण त्याला दर वेळी चालू केल्यावर फर्मवेअर पाठवावं लागतं आणि त्यासाठी एचपीलिपचं (एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरचं) प्लगइन उतरवणं भाग आहे. कॅनन एलबीपी २९०० त्रास देतो. त्याला कॅननची स्वतःची कॅप्ट भाषाच समजते, आणि तिचा लिनक्स ड्रायव्हर बसवणं नवख्याचं काम नाही.

काढलेली जुनी डिस्क साटा-यूएसबी केबलने जोडली की मिंट तिच्यातल्या फाइली थेट दाखवतं. एन्क्रिप्शन राहिलं असेल तर लिहून ठेवलेली की इथे लागते. हवं ते सगळं नव्या एसएसडीवर आणि शिवाय आणखी एका ठिकाणी उतरवून घ्या, कारण सात-आठ वर्षं फिरलेली डिस्क एकमेव प्रत म्हणून ठेवण्याच्या लायकीची नसते. वर्षातून एकदाच लागणारी कामं, म्हणजे विवरणपत्र, मुलांचे प्रवेश अर्ज, विम्याचं नूतनीकरण, नव्या सिस्टिमवर एकदा पार पडेपर्यंत ती कपाटात राहू द्या.