सोयाबीन कधी विकलं, हे विचारायचं कसं

माझ्या पहिल्या प्रश्नावलीत 42 प्रश्न होते. त्यातला सातवा होता, 'आपल्या कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न किती?' औसा तालुक्यातल्या आमच्याच गावात, भावकीतल्या एका आबांना मी तो वाचून दाखवला. आबांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला आणि म्हणाले, "लेकरा, महिन्याला कुठं काय येतंय? येतंय ते सुगीला येतंय. तुला काय पाहिजे ते लिही की."

मी लिहिलं. बारा हजार. एकरी उतारा, त्याला भाव, त्यातून खर्च वजा आणि बारानं भागाकार, असं मनातल्या मनात करून. पुढच्या तीन घरांतही तसंच केलं. रात्री वही उघडली तेव्हा कळलं की या रकान्यातला एकही आकडा त्या घरांतून आलेला नाही. सगळे माझेच होते. ती चारही पानं मी बाजूला काढली आणि त्यानंतर जे काही शिकले ते या चार पानांमुळं शिकले.

मी लातूरला बी.ए. ऑनर्सला आहे, अर्थशास्त्र, तिसरं वर्ष. फील्ड प्रोजेक्टला विषय घेतला सोयाबीन. आमच्याकडं दुसरा कुठला घेणार? दसऱ्याच्या आसपास लातूरच्या मार्केट यार्डात गेलात तर कट्ट्यांच्या, म्हणजे पोत्यांच्या, थप्प्यांमधून वाट काढावी लागते. माझा प्रश्न होता, मळणी होऊन रास झाली की लगेच, आवक वाढून भाव दबलेला असतानाच शेतकरी माल का काढतात? राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990 पासून आहे. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम घ्यायची, सहा महिने मुदत, व्याज 6 टक्के. कागदावर इतकं सोपं असताना लोक थांबत का नाहीत? मी उत्तरही ठरवून टाकलं होतं: जागृतीचा अभाव. आमच्याकडच्या निम्म्या प्रोजेक्टांचा निष्कर्ष हाच असतो.

प्रोजेक्टच्या गाइड मॅडमनी प्रश्नावली वाचली आणि एकच वाक्य बोलल्या. "तुझ्या प्रश्नात शेतकरी चुकतोय हे आधीच धरलेलं आहे." मग बाबासाहेबांचा 1918 सालचा लहान शेतजमिनींवरचा निबंध वाचायला दिला. तेव्हा सगळे म्हणत होते की जमिनीचे तुकडे पडतात हाच रोग, ते जोडले की झालं. बाबासाहेब तिथंच थांबवतात. जमीन लहान की मोठी हे नुसत्या आकारावरून ठरत नाही, तिच्यावर राबणारं भांडवल आणि माणसं किती, यावरून ठरतं. शेतीवर माणसांचा भार जास्त झालाय, म्हणून तुकडे पडतात, आणि म्हणून इलाज शेतीच्या बाहेर, उद्योगात शोधावा लागतो. मी तो निबंध दोनदा वाचला. सगळ्यांनी मान्य केलेला प्रश्नच एक माणूस उलटा करून ठेवतो, ते बघताना अंगावर काटा आला. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, आपण दरवर्षी त्यांना हार घालतो, पण अर्थशास्त्राच्या वर्गात त्यांचा हा निबंध पहिल्या वर्षालाच हातात पडायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या फेरीला मी प्रश्नावली पिशवीतच ठेवली. एवढंच विचारायचं ठरवलं: "गेल्या साली पहिला कट्टा कोणत्या दिवशी नेला? त्या दिवशी घरात काय चाललं होतं?"

फरक पहिल्याच घरात कळला. काका म्हणाले, "भाव बरा होता, विकून टाकलं." मी लिहायला लागले तेवढ्यात आतून, चुलीपाशी बसलेल्या काकू बोलल्या, "भावाचं काय सांगताव? खताची उधारी होती, किराणा होता. हरभऱ्याचं बी आणायचं होतं. दुकानदार दोनदा येऊन गेल्ता." काका गप्प बसले. मग हळूच म्हणाले, "तेबी हाय." त्या दिवसापासून मी प्रत्येक घरात दोघांशी वेगवेगळं बोलते. पुरुषांच्या उत्तरात भाव असतो आणि बायकांच्या उत्तरात तारीख. मला दोन्ही लागतं.

त्याच घरात काकूंनी पत्र्याच्या पेटीतून माल विकल्याची एक पट्टी काढून दिली, नोव्हेंबर 2024 ची. पिवळट कागद, कार्बनची निळी अक्षरं, घडीवर फाटायला आलेला. चौदा कट्टे, वजन 8 क्विंटल 40 किलो. दर 4,150. एकूण 34,860. खाली हमाली-तोलाई 260. त्याच्या खाली एक ओळ, 'उचल 20,000', म्हणजे अडत्यानं, यार्डातल्या दलालानं, आधीच दिलेले पैसे. हातात पडले 14,600. त्या साली हमीभाव 4,892 होता. मी विचारलं, हमीभावाच्या केंद्रावर का नाही नेलं? काका म्हणाले, "मॉइश्चर चौदा लागलं. तिथं बाराच्या वर घेत नव्हते." नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारनं ती ओलाव्याची अट 15 टक्क्यांपर्यंत सैल केली, पण तोवर यांचा माल गेला होता. आणि सैल केली असती आधी, तरी? उचल अडत्याकडून घेतलेली, मग माल दुसरीकडं कसा न्यायचा? तारणाचंही तेच. ती योजना काकांना चांगली माहीत होती. माझ्यापेक्षा चांगली. जागृतीचा अभाव कुणाला होता?

ही एक पट्टी मला विक्रेय वाढाव्यावरच्या, म्हणजे घरापुरतं ठेवून विकायला उरणाऱ्या मालावरच्या, अख्ख्या प्रकरणापेक्षा जास्त शिकवून गेली. पणन मंडळाच्या साइटवर रोजचा कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण दर मिळतो. मी कित्येक महिन्यांचे दर एक्सेलमध्ये भरले होते आणि 'शेतकऱ्याला मिळालेला भाव' असा मथळाही दिला होता. तो मथळा चूक होता. तो बाजाराचा भाव आहे. शेतकऱ्याला काय मिळालं ते पट्टीच्या शेवटच्या ओळीत असतं, आणि ती ओळ कुठल्याही साइटवर नाही.

दरांच्या रकान्यांनी मात्र एक गोष्ट दाखवली. 2021 च्या पावसाळ्यात लातूरला भाव दहा हजारांच्या वर गेला होता. त्याची आठवण धरून 2022 आणि 2023 च्या हंगामांत बऱ्याच जणांनी माल घरात ठेवला, आणि भाव खाली खालीच येत गेला. म्हणजे थांबणारा शहाणा आणि लगेच विकणारा अडाणी, हे गणितच टिकत नाही.

कॉलेजमध्ये सादरीकरण झालं. अठरा स्लाइड, सगळ्या इंग्रजीत, मी वाचत गेले. टाळ्या वाजल्या, एकही प्रश्न आला नाही. त्याबद्दल यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

खरं सादरीकरण झालं मारुतीच्या पारावर. ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांना ती परत सांगायची, ही मॅडमची अट होती. लॅपटॉप नेला नाही. कार्डशीटवर स्केचपेननं एक रेघ काढून नेली, दसऱ्यापासून अक्षय तृतीयेपर्यंतच्या भावाची. आडव्या अक्षावर महिने लिहिले नाहीत, सण लिहिले. 'हंगामोत्तर कालावधी' म्हणायचं नाही, 'बनीम (कापलेल्या पिकाचा ढीग) मोडून रास झाल्यावर' म्हणायचं, हे घरून घोकून गेले होते. मी सांगितलं की ठेवलेल्या मालाला शेवटी क्विंटलमागं दोनशे जरी वाढून मिळाले तरी ते व्याजात जातात.

तेच आबा, सातव्या प्रश्नाचे, पुढं सरकून बसले. रेघेवर बोट ठेवलं. "हे बराबर हाय. पर घट कुठं धरलीस?"

मला कळलंच नाही. त्यांनी समजावून सांगितलं. चौदा मॉइश्चरचा माल घरात ठेवला की वाळतो. वाळला की वजन उतरतं. नेताना शंभर किलो असलेलं तेवढंच राहत नाही.

घरी येऊन आकडेमोड केली. 14 टक्के ओलाव्याच्या शंभर किलोत 86 किलो कोरडा माल. ओलावा 10 टक्क्यांवर आला की वजन उरतं साधारण 95.5 किलो. म्हणजे 4,150 चा भाव 4,343 झाला तरी शेतकरी जागच्या जागीच. वर उधारीचं महिन्याला शेकडा दोननं पाच महिन्यांचं व्याज धरलं तर भाव जवळपास 4,780 हवा. वाळलेल्या मालाला मॉइश्चरची कपात लागत नाही हे जमेला धरूनही अंतर मोठंच राहतं, आणि त्या हंगामात मार्च-एप्रिलला लातूरचा भाव तिथवर पोचलाच नाही. माझ्या अठरा स्लाइडमध्ये घट हा शब्द नव्हता. कॉलेजात बसलेल्यांपैकी कुणाला तो सुचलाही नाही, कारण मी ज्या भाषेत बोलत होते त्या भाषेत माल वाळत नाही.

आता अहवालाचं चौथं प्रकरण नव्यानं लिहितेय. प्रश्नावलीत 11 प्रश्न उरलेत. मासिक उत्पन्नाचा काढून टाकला, त्याच्या जागी आहे: 'सुगीच्या आधी कुणाकुणाचं देणं होतं?' प्रत्येक घरात आधी सांगते की नाव कुठं येणार नाही, नको वाटलं तर उत्तर देऊ नका. एका मावशीनं संमतीपत्रावर अंगठा द्यायच्या आधी मला ते सगळं मोठ्यानं वाचायला लावलं. वाचताना तीन वाक्यं माझी मलाच समजली नाहीत, ती तिथंच बसून बदलली.

एक मागणं आहे. औसा, निलंगा, रेणापूर, चाकूर, कुठंही, घरात 2021 पासूनच्या सोयाबीनच्या पट्ट्या जपलेल्या असतील तर मला फोटो हवेत. नाव आणि अडतीचं नाव आधी खोडा, मगच पाठवा. वजन, दर, उचल आणि शेवटची ओळ तेवढी स्पष्ट दिसू द्या. आणि जमलंच तर घरातल्या बाईला विचारून सोबत एक ओळ लिहा, त्या आठवड्यात पैसे कशाला लागले होते.