काळे पडलेले तोडे

वरुडजवळच्या आमच्या गावात बाजाराच्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसते. अशाच गर्दीत गेल्या वर्षी एका आजीनं रुमालाची गाठ सोडली आणि चांदीचे तोडे माझ्यापुढं टाकले. कोळशासारखे काळे. "तुह्या बापानं माह्या सुनीले जर्मन चांदी देल्ली!"

जर्मन चांदीत तांबं, निकेल आणि जस्त. चांदी औषधालाही नसते. जोडवी बघत बसलेला एक शेतकरी ती खाली ठेवून उठला. तेव्हाच कळलं, पंधरा दिवस गावात हीच चर्चा होती. चाळीस वर्षं खरा काटा धरलेले वडील उत्तर द्यायला हयात नव्हते. माझ्या हाताला कापरं भरलं.

आजीसमोरच मी तोड्याला कानस मारली, आतला भाग कसोटीवर घासला, रेघेवर नायट्रिक तेजाबाचा थेंब, मग मिठाचं पाणी सोडलं. दुधासारखा पांढरा साका उमटला. जर्मन चांदी असती तर नुसतं हिरवट पाणी राहिलं असतं.

"आजी, ठेवले कुठं होते?"

"कोठीत. संत्र्याच्या औषधाच्या थैलीपाशी."

कोळी पडू नये म्हणून संत्र्यावर फवारतात ते गंधक! थैली फुटलेली. गंधक लागलं की चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर चढतोच. त्यात चांदी खोटी असण्याचा काही संबंध नाही.

घरून जर्मनचं पातेलं मागवलं (अ‍ॅल्युमिनियमला आमच्याकडं जर्मनच म्हणतात). उकळतं पाणी, खायचा सोडा, मीठ. तोडे तळाला टेकलेच पाहिजेत, नाहीतर काम होत नाही. सडक्या अंड्यासारखा वास सुटला. गंधक चांदीला सोडून अ‍ॅल्युमिनियमच्या मागं लागलं होतं. घासून काढलं असतं तर थरातली चांदीही गेली असती. अशानं ती तोड्यावरच राहते. दोनदा पाणी बदलावं लागलं. काळ्याचं तपकिरी झालं, मग पिवळट, मग वेलबुट्टीची एकेक पाकळी उघडी पडली आणि फासाच्या आतल्या बाजूला ठोकलेलं वडिलांचं अक्षर दिसलं.

आजी त्यावरून अंगठा फिरवत राहिली. "चुकलं माह्यं, बापा."

उठून गेलेला शेतकरी काही परतला नव्हता. आजीनं ओले तोडे तसेच मुठीत धरले आणि त्याला हाका मारत भर बाजारात शिरली.