तीन कोऱ्या ओळी

वैद्यकीच्या रेसिडेंट मुलांना ललित लेखन शिकवायला लागून बरीच वर्षं झाली. तरी परवाचा तास माझ्या डोक्यातून जात नाही.

पद्धत माझी नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. रिटा शॅरन यांनी १९९३ मध्ये विद्यार्थ्यांना 'समांतर केसपेपर' लिहायला लावला. पेशंटबद्दलचं जे केसपेपरवर बसत नाही, पण कुठेतरी लिहायलाच हवं, ते साध्या भाषेत लिहायचं.

माझं पहिलं काम असतं ते सवयीची भाषा काढून टाकायचं. केसपेपरात पेशंट सदैव 'तक्रार' करत असतो आणि डॉक्टर गायब. 'सुई लावण्यात आली.' 'समजावून सांगण्यात आले.' अरे, कुणी? या 'आली-आले'मागे लपायला आपण मुलांना फार लवकर शिकवतो, याचा मला मनापासून राग येतो.

परवा एकाने डायलिसिसवरच्या एका आजींबद्दल लिहून आणलं. 'त्यांचे डोळे पाणावले होते.' ओळ खोडून मी विचारलं, "तू पाहिलंस?"

बऱ्याच वेळाने म्हणाला, "नाही मॅडम. चारही तास तिथेच होतो, दर अर्ध्या तासाला बीपी लिहीत होतो. पण चेहरा आठवत नाही."

"मग काय आठवतं?"

"हात. फिस्च्युलावर, म्हणजे डायलिसिससाठी हातात जोडलेल्या रक्तवाहिनीवर, बोट ठेवलं की आत थरथर लागते, मांजर गुरगुरतं तशी. ती अजून बोटात आहे."

म्हटलं, हेच लिही. चेहरा रचू नकोस, जागा सोड. त्याने हातावर पाऊण पान लिहिलं, मग तीन कोऱ्या ओळी, खाली बीपीचे आकडे. इतकं खरं लिखाण माझ्या वर्गात क्वचितच झालंय.

तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "पण मॅडम, दिसलं नाही ते कल्पनेने उभं करायचं, असं तुम्हीच शिकवलंत. रशियन कथाकार चेखव डॉक्टर होता, तो काय फक्त पाहिलेलंच लिहायचा?"

मी म्हटलं, पाणावलेले डोळे ही कल्पना नव्हे, ती आयती ओळ आहे. उत्तर बरोबर होतं, पण अपुरं. त्याने चेहरा जीव ओतून रंगवला असता, तर मी राहू दिला असता? आजी आता नाहीत, त्यांना विचारता येत नाही. कोऱ्या ओळी प्रामाणिक आहेत खऱ्या. पण केसपेपरात आजी नव्हत्या, तशा त्या ओळींतही नाहीतच.

काल त्याचा निरोप आला, "त्या तीन ओळी भरून बघू का?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही.